पोट भरल्याचं कळतच नाही : नवी पेठेतल्या खानावळवाल्या ताईंचं प्रकरण

ताई ४४ वर्षांच्या. गेली सहा वर्षं नवी पेठेत पोळी-भाजीचे डबे करतात. गिऱ्हाईक बहुतेक एमपीएससीची तयारी करणारी मुलं. शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला अभ्यासिका इतक्या दाटीनं आहेत की धंद्याला तोटा नाही. सकाळी साठेक डबे, संध्याकाळी थोडे कमी. हाताखाली एक मावशी आणि डबे पोचवायला एक मुलगा. धंदा सुरू केला तेव्हा त्यांचं वजन ६३ किलो होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा ते ७६.४ झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्यांची तक्रार मी जशीच्या तशी उतरवून घेतली. "मॅडम, मी दिवसभर धड जेवतच नाही. रात्री एकदाच काय ते जेवते. पण तेव्हा पोट भरलंय हे कळतच नाही. पातेलं संपतं म्हणून मी थांबते."

वजनासाठी येणारे बहुतेक जण भुकेची तक्रार करतात. ताईंना भूक फार लागते असं नव्हतं. तृप्ती येत नव्हती. शरीरात या दोन गोष्टींची यंत्रणा बऱ्याच अंशी वेगवेगळी असते, त्यामुळे मी चौकशीला तिथूनच सुरुवात केली. घरच्यांनी आपापली निदानं आधीच केलेली होती. सासूबाईंच्या मते थायरॉईड, मुलीच्या मते स्ट्रेस आणि यजमानांच्या मते तोंडावर ताबा नाही. ताईंना स्वतःला यजमानांचं म्हणणं पटलेलं होतं, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

तपासण्या

उंची १५४ सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३२.२, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. हे आकडे पाश्चात्त्यांपेक्षा खाली का आणले, याचं उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के होती. आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी आतून चरबी बाळगून असतो. ताई तर बारीकही नव्हत्या.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. थायरॉईडची टीएसएच तपासणी २.९, त्यामुळे सासूबाईंचं निदान बाद झालं. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली. रक्तदाब १३४/८६. वजन वाढवणारं कुठलंही औषध चालू नव्हतं. वर्षभरापासून पाळी अनियमित झाली होती आणि सगळं खापर तिच्यावर फोडायची सोय होती, पण वजन त्याच्या पाच वर्षं आधीपासून चढत होतं.

थोडा हिशेब. सहा वर्षांत १३.४ किलो म्हणजे वर्षाला सव्वादोन किलोच्या आत. किलोमागे ७७०० कॅलरी धरल्या तर रोजचं जादा खाणं पन्नासेक कॅलरींचं भरतं, अर्ध्या पोळीएवढं. हा हिशेब ढोबळ आहे. वजन वाढतं तशी शरीराची गरजही वाढते, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असतो. पण एवढीशी तफावत कोणताही माणूस मनानं ठरवून टाळू शकत नाही. जे लोक वर्षानुवर्षं त्याच वजनावर राहतात ते काही रोज अर्धी पोळी मोजत नाहीत. त्यांच्यासाठी ते काम शरीर परस्पर करतं. ताईंच्या शरीरात ते का होत नव्हतं, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता.

चार दिवसांची नोंद

बाईमाणसाला "काय काय खाता?" विचारलं की दोन जेवणं आणि एक चहा एवढंच उत्तर येतं. म्हणून ताईंच्या लेकीला कामाला लावलं. आई तोंडात काहीही घालताना दिसली की मोबाईलवर फोटो काढायचा आणि वेळ टिपायची. मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस. कॉलेज बुडवायचं निमित्त मिळाल्यानं तिनं काम चोख केलं.

बुधवारची नोंद नमुन्यादाखल देते. साडेपाचला चहा, दोन चमचे साखर घालून, सोबत खारी. सातला बटाट्याच्या भाजीची चव, तळहातावर घेऊन. साडेसातला पहिली पोळी तव्यावर फाटली, ती तूप-साखर लावून गुंडाळून उभ्यानंच. आठला आमटीची चव, मग मीठ घालून पुन्हा चव. साडेआठला चहा. नऊ ते अकरा डबे भरताना दाण्याची चटणी, कोशिंबिरीतले दाणे, वाटीत उरलेला भात. पावणेबाराला चहा. दीडला डब्यातून परत आलेली, हात न लावलेली पोळी तशीच पाहवेना म्हणून भाजीत बुडवून. चारला चहा आणि फरसाण. पाच ते साडेसात पुन्हा सगळं सकाळसारखं. नऊला आणखी एक चहा. रात्री १०:४० ला जेवण : तीन पोळ्या, भाजी, वरणभात, मालिका बघत नऊ मिनिटांत. त्यावर शेजारून आलेल्या शिऱ्याची वाटी.

एका दिवसात सत्तावीस नोंदी. माझ्या अंदाजानं एकूण साडेबावीसशे कॅलरी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्रीच्या पानावर बसायच्या आधीच. पाच चहांतून चारशेच्या आसपास. तरीही 'दिवसभर धड जेवत नाही' हे अगदी खरं होतं. सकाळपासून त्यांच्या पोटात एका वेळी मूठभराहून जास्त काही गेलंच नव्हतं.

प्रत्येक खाण्यानंतर पोट भरल्याची भावना शून्य ते दहात लिहायला सांगितली होती. मंगळवार, बुधवार, शुक्रवार : दिवसभर एक-दोन आणि रात्री जेवल्यावर तीन. गुरुवारी मात्र सकाळी अकराला सात आणि रात्री आठ.

गुरुवारी त्यांचा दत्ताचा उपास असतो.

या एका दिवशी काय वेगळं होतं ते नीट बघितलं. उपासाला धान्याची चव घ्यायची नाही, त्यामुळे चव बघायचं काम मावशींकडे जातं. डबे गेले की अकराला ताई पाटावर बसून साबुदाण्याची खिचडी आणि मोठी वाटी दही खातात. रात्री भगर आणि दाण्याची आमटी. चहा रोजच्याइतकाच आणि साखरही तेवढीच. साबुदाणा आणि शेंगदाणे म्हणजे कॅलरींचा डोंगर, तरी दिवसाची बेरीज सतराशेच्या आसपास आली. आणि रात्रीच्या फोटोत ताटात भगर उरलेली दिसत होती.

यजमान म्हणाले, "बघा, देवाच्या धाकानं ताबा राहतो." मी त्यांना ते उरलेलं ताट दाखवलं. ताबा ठेवणारा माणूस भूक दाबून उठतो. या बाईंनी पोट भरल्याची नोंद आठ केली होती आणि समोर असलेलं अन्न त्यांना नको झालं होतं.

पोटातून वर जाणारा निरोप

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यातली दहावी जोडी व्हेगस. ती मानेतून छातीत आणि तिथून पोटात उतरते. मेंदूचे हुकूम पोटापर्यंत नेणं हेच तिचं काम अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू उलट्या दिशेचे, पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत. ते मेंदूच्या देठात, लंबमज्जेत पोचतात आणि तिथून पुढे हायपोथॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भूक-तहान सांभाळणाऱ्या भागाकडे, बातमी जाते.

या कथेतली दोन महत्त्वाची माणसं भारतीय आहेत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. बी. के. आनंद यांनी १९५१ साली येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर दाखवलं की हायपोथॅलॅमसचा दोन्ही बाजूंचा एक छोटा भाग नष्ट केला की उंदीर खाणंच सोडतो. हेच ते भूक केंद्र. अवतारसिंग पेंटल यांनी मांजरांच्या व्हेगसमधला एकेक तंतू सुटा करून त्यातले विद्युतसंकेत टिपले आणि १९५४ साली जठराच्या भिंतीतल्या ताण ओळखणाऱ्या तंतूंचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. जठर फुगलं की हे तंतू धडाधड संदेश सोडतात. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी भूक आणि तहान शमण्याशी याचा संबंध जोडला होता. पेंटल पुढे आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) महासंचालक झाले.

जठराच्या या तंतूंना कॅलरी कळत नाहीत, आकारमान कळतं. उंदरांच्या जठराचं खालचं तोंड बंद करून त्यात काहीही भरलं, साधं मिठाचं पाणी किंवा पौष्टिक द्रव, तरी उंदीर आकारमानावरच थांबतो. हा प्रयोग नव्वदच्या दशकातला, फिलिप्स आणि पाउली यांचा. माणसांच्या जठरात फुगा ठेवून केलेल्या प्रयोगांत साधारण ४०० मिलिलिटरच्या पुढे फुगवल्यावर खाणं कमी झालं. आता ताईंची बुधवारची नोंद पुन्हा वाचा. तळहातावरची भाजी, चमचाभर आमटी, एखादी फाटलेली पोळी. रिकामं जठर घास आला की सैल पडतं आणि त्याला जागा करून देतं. एवढ्याशानं भिंत ताणली जात नाही. थोड्या वेळात तो घास पुढे सरकतो आणि पुढचा येतो तेव्हा जठर पुन्हा मोकळं असतं. सत्तावीस वेळा खाऊनही 'भरलं' असा निरोप दिवसभरात एकदाही जात नव्हता.

दुसरा निरोप आतड्यातून जातो. लहान आतड्याच्या सुरुवातीला काही पेशी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं ओळखतात आणि कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. सोयीसाठी त्याला सीसीके म्हणतात. १९७३ साली गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी उंदरांना सीसीके टोचलं तर त्यांचं खाणं कमी झालं. पुढे १९८१ साली दिसलं की व्हेगसची जठराकडे जाणारी शाखा कापली की तेच सीसीके निष्प्रभ ठरतं. म्हणजे हा रस रक्तातून मेंदूत जाऊन काम करण्यापेक्षा शेजारच्याच मज्जातंतूच्या टोकाला चेतवतो. याशिवाय आतड्याच्या शेवटच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं सुटतात. शरीरातलं जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निम्मं उरतं, त्यामुळे त्याचाही बराचसा निरोप जवळच्या तंतूंमार्फतच जात असणार असं मानलं जातं.

मात्र अन्न जठरातून आतड्यात एकदम जात नाही. जेवण मिनिटाला साधारण दोन-तीन कॅलरी इतक्या संथपणे पुढे सरकतं. सीसीकेचा भर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, बाकीच्यांना त्याहून जास्त. ताईंचं रात्रीचं जेवण नऊ मिनिटांत आटोपत होतं. आतड्याचा निरोप पोचायच्या आधीच वरणभात संपलेला असायचा आणि शिऱ्याची वाटी हातात असायची.

वेगाचा हा मुद्दा एका बाईंपुरता नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली वीस जणांना महिनाभर एका ठिकाणी ठेवलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न, दोन्ही वेळा हवं तेवढं. पहिल्या प्रकारावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, वजन सरासरी ०.९ किलो वाढलं, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. साध्या अन्नावर पीवायवाय वाढलं आणि भूक लावणारं घ्रेलिन घटलं. ताईंच्या स्वयंपाकघरात कारखान्यातलं अन्न फारसं नव्हतं. खारी आणि फरसाण सोडलं तर सगळं घरचं, ताजं, चांगलं. घरचं अन्नही असं उभ्यानं आणि घाईनं खाल्लं तर काय होतं, हे त्यांच्या वजनात दिसत होतं.

आता चहा. गोड द्रव जठरात थांबत नाही आणि त्यातली साखर आतड्यापर्यंत चटकन पोचते. तिथे ती 'पुरे' सांगत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या गटानं २०२० साली उंदरांत दाखवलं की आतड्यातल्या साखरेची बातमी व्हेगसमधून लंबमज्जेत जाते आणि त्यातून साखरेची ओढ तयार होते. जिभेवर गोड चव कळत नसलेले उंदीरही काही काळानं साखरेच्याच पाण्याकडे वळतात. कृत्रिम गोडी हा मार्ग चेतवत नाही. त्याआधी २०१८ साली ड्यूक विद्यापीठातल्या दिएगो बोहोर्केझ यांच्या गटानं दाखवलं होतं की आतड्यातल्या काही पेशी व्हेगसच्या तंतूंना थेट जोडलेल्या असतात आणि साखरेचा संदेश काही मिलिसेकंदांत पुढे ढकलतात. थोडक्यात, याच नसेतून 'थांब' जातं आणि 'आणखी' पण जातं. ताईंच्या दिवसात पाच वेळा 'आणखी' जात होतं.

झोपेचं थोडक्यात. रात्री पावणेबाराला अंथरुणाला पाठ, पहाटे पाचला कणीक. २००४ साली शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तर तृप्तीशी जोडलेलं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि भूक २४ टक्के जास्त जाणवली. घ्रेलिन व्हेगसच्या तंतूंनाही मंदावतं.

एक शंका मला गुरुवारची नोंद बघेपर्यंत छळत होती. ॲडलेडमध्ये ॲमांडा पेज यांच्या गटानं उंदरांना जास्त चरबीचा आहार दिला तेव्हा जठरातले ताणाचे तंतू बोथट झाले. तितकंच जठर फुगवलं तरी संदेश कमी जात होते. साध्या आहारावर परत आणल्यावरही ही बधिरता टिकून राहिली. ताईंच्या बाबतीत तसं झालं असतं तर हाती फारसं काही उरलं नसतं. पण गुरुवारी त्यांना सात आणि आठ इतकी तृप्ती जाणवत होती. म्हणजे नस शाबूत होती. तिला बोलायला लावेल असं जेवण बाकीच्या सहा दिवसांत होत नव्हतं, एवढंच.

गुरुवार आठवडाभर

योजना त्यातूनच निघाली. खिचडी रोज खायची नव्हती. गुरुवारची मांडणी उचलायची होती.

सगळ्यात अवघड ठरलं ते अकराचं ताट. "सगळ्यांच्या आधी मी पानावर बसले तर मावशी काय म्हणतील?" मी विचारलं, "गुरुवारी काय म्हणतात?" त्यावर हसल्या. सगळ्यांची पानं झाल्यावर बाईनं उरलंसुरलं खायचं ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती की उपासानंच त्यांना वेळेवर बसायची परवानगी दिली होती. शेवटचा डबा बाहेर पडला की पाट, ताट आणि वीस मिनिटं, दार लोटून, असं ठरलं. आधी काकडी किंवा कोबीची मोठी वाटी कोशिंबीर आणि पेलाभर ताक, मग उसळ किंवा घट्ट वरण, शेवटी दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी. आधी आकारमान, मग प्रथिनं, मग पीठ. आधी भाज्या आणि प्रथिनं खाल्ली तर नंतरची साखर कमी चढते हे दाखवणारे छोटे अभ्यास आहेत, आणि ६.१ च्या एचबीए१सीला तेही हवंच होतं.

रात्रीचं जेवण १०:४० वरून सव्वाआठवर आणलं, संध्याकाळचे डबे गेल्यावर लगेच. सुरुवातीला मुगाचं कढण किंवा टोमॅटोचं सार, चांगली दोन वाट्या. जेवणाआधी सूप घेतलं तर जेवणात एकूण सुमारे वीस टक्के कमी खाल्लं जातं असं बार्बरा रोल्स यांच्या २००७ च्या प्रयोगात आढळलं होतं. कढण करायला पेन्सिल्व्हेनियाला जायची गरज नाही, ते नवी पेठेतही होतं.

चव बघणं बंद करता येणार नव्हतं, कारण तो धंदा आहे. चहाचा एकच छोटा चमचा ठरवला. मीठ-तिखट मावशींनी बघायचं, शेवटची पसंती ताईंची. फाटलेली पोळी आणि डब्यातून परत आलेली पोळी वेगळ्या डब्यात जमा करायची आणि दुपारी डबे पोचवणाऱ्या मुलाला द्यायची. तो खूश झाला. चहा पाचांवरून तीनावर, साखर दोन चमच्यांवरून हळूहळू पाऊण चमच्यावर.

काही गोष्टी चालल्या नाहीत. सावकाश चावून खा, घासागणिक चमचा खाली ठेवा, हे सगळं ताईंना जमलंच नाही. आयुष्यभर घाईत खाल्लेल्या बाईला असा सल्ला देणं सोपं असतं. ताक आणि कढण यांनी वेळ आपोआप वाढला, कारण गरम कढण भराभर पिता येत नाही. झोपेत अर्ध्या तासाचीच भर पडली. पहाटेची कणीक मावशींनी मळायची ठरलं, पण मावशींची बस पुढेमागे व्हायची आणि मग ताईच उठायच्या.

याआधी ताईंनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत करून पाहिली होती आणि तेव्हा चार किलो कमीही झाले होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. बसून, पोटभर, दोनदाच जेवलं की जठराचा ताण मिळतो आणि मधले गोड चहाही थांबतात. ती सुटली ती दोन जेवणांच्या मधल्या चव बघण्यापायी. स्वयंपाक हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यासाठी त्यात वेगळी सोय लागते.

मधल्या काळात मुलीनं त्यांना रील्स दाखवायला सुरुवात केली होती : व्हेगस जागी करा, बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवा, गुणगुणा, वजन उतरवा. यातलं काहीही भूक किंवा वजन बदलतं असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. प्रत्यक्ष यंत्र बसवून काय साधलं ते मात्र माहीत आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं जानेवारी २०१५ मध्ये व्हेगसचे संदेश अडवणारं, शस्त्रक्रियेनं बसवायचं एक उपकरण मंजूर केलं. वर्षभरात त्या गटाचं जादा वजन २४.४ टक्क्यांनी उतरलं आणि बंद उपकरण बसवलेल्यांचं १५.९ टक्क्यांनी. फरक होता, पण आधी ठरवलेलं दहा टक्क्यांच्या अंतराचं लक्ष्य गाठलं गेलं नाही. 'थांब' आणि 'आणखी' दोन्ही वाहणारी नस सरसकट अडवली तर यापेक्षा फार काही मिळेल असं मला वाटत नाही.

पाच महिन्यांनी

जुलैत वजन ७१.९, कमर ९३, एचबीए१सी ५.८, रक्तदाब १२६/८०. पहिल्या तीन आठवड्यांत काटा जेमतेम हलला होता आणि ताई सोडून देणार होत्या. त्यांना थांबवलं ते तृप्तीच्या नोंदीनं. दुसऱ्याच आठवड्यात रात्रीचा आकडा तीनवरून सहावर गेला होता. एके दिवशी फोन आला, "मॅडम, पातेल्यात भाजी उरली आणि मी झाकून ठेवली." एरवी वजन उतरवताना लोकांची भूक वाढत जाते. ताईंची रात्रीची भूक उलट कमी झाली होती.

गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी आल्या. सारणाची चव मावशींवर सोपवायला ताई तयार नव्हत्या आणि ते मला मान्य होतं; सारण बिघडलं तर गिऱ्हाईक जातं. दहा दिवसांत सव्वा किलो वाढला आणि पुढच्या महिन्यात उतरला. त्यानंतर वजन ७१ ते ७२ मध्ये अडकून बसलं. बीएमआय अजून ३० च्या वर.

हे अपेक्षित होतं. वजन घटलं की चरबीतून येणारं लेप्टिन घटतं, मेंदूला ते टंचाईसारखं वाटतं, आणि शरीर खर्च कमी करून भूक वाढवतं. जेवणाची मांडणी सुधारून रोजचं जादा खाणं थांबतं. सहा वर्षांत साठलेली सगळी चरबी त्यानं निघेल असं मी ताईंना कधी सांगितलं नव्हतं.

इंजेक्शनचा प्रश्न

ऑक्टोबरात ताईंनी स्वतःच विषय काढला. एका विद्यार्थ्याच्या आईनं इंजेक्शनवर अकरा किलो उतरवल्याचं त्यांनी ऐकलं होतं. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये, आणि दिवाळीपर्यंत पेठेतल्या स्वयंपाकघरातही त्यांची नावं पोचली होती.

वेगोवीतलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ सारखंच आहे, फक्त ते शरीरात निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे ते आतड्याशेजारच्या तंतूंपुरतं राहत नाही; रक्तातून थेट मेंदूच्या देठापर्यंत आणि हायपोथॅलॅमसपर्यंत जाऊन पोचतं. जेवणानंतर काही मिनिटं मिळणारा निरोप आठवडाभर चालू ठेवावा, तसा तो प्रकार आहे. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषध नसलेल्यांचं २.४ टक्के. थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. मळमळ आणि बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. कमी खाल्ल्यानं स्नायूही घटतात, त्यामुळे प्रथिनांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

माझा या औषधांना विरोध नाही. 'आधी ताबा ठेवून दाखवा, मग औषध' असं म्हणणारे डॉक्टर भेटतात, ते मला अन्यायकारक वाटतं. रक्तदाबाच्या रुग्णाला असं कोणी म्हणत नाही. ताईंचा बीएमआय ३० च्या वर आहे, यकृतावर चरबी आहे, म्हणजे निकषांत त्या बसतात. पण औषध लिहून देणं माझ्या अधिकारात नाही आणि महिन्याचा खर्च तेव्हा त्यांच्या धंद्याच्या मानानं मोठा होता. म्हणून त्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) पाठवलं. तिथे ठरलं ते असं : दिवाळीच्या फराळाचा हंगाम जाऊ द्यायचा, जानेवारीत एचबीए१सी आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा करायच्या, आठवड्यातून तीन दिवस वजन उचलायचा व्यायाम सुरू करायचा, आणि तेव्हाही वजन ७१ च्या खाली आलं नसेल तर कमी मात्रेनं औषध सुरू करायचं.

ताईंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला : औषध चालू असताना भाजीची चव कळेल ना? कळेल, असं उत्तर मिळालं. फराळाच्या ऑर्डरी या वर्षी मावशींच्या हाताखाली आणखी एक बाई ठेवून घेतल्या, आणि चकलीची भाजणी चाखायचं काम त्या बाईंकडे दिलं.